अळणी

सेलूच्या मोंढ्यात तीस वर्षं
हर्राशी बोलले हे.
कापसाच्या ढिगावर उभं राहून असा आवाज
की ठेसनातली पॅसेंजर थबकावी.

आता सकाळी चहासोबत
एक बारकी गुलाबी गोळी, काळजासाठी.
नाडी साठ. डॉक्टर खूश.
बीपीच्या कागदावर सगळे आकडे
हात बांधून बसलेल्या पोरांसारखे.

हे पण तसेच.
वरणात मीठ नव्हतं, जेवले.
पुतण्यानं बांध कोरला, "बरं" म्हणाले.
नात पहिली आली,
तेव्हाही तेच "बरं".

लोक म्हणतात, म्हातारा निवला.
पंचेचाळीस वर्षं भांडलेय मी या माणसाशी,
निवणं मला कळतं.
हे विझणं आहे.

परभणीला गेले, एकटीच, चिठ्ठी घेऊन.
"काळीज चालतंय साहेब,
आतले मुंजाजी कुठं गेले?"
त्यांनी चष्मा काढला.
"कधीपासून?"
"तुरी निघाल्यापासून."
गोळी बदलून दिली.
जुनी एकदम तोडायची नाही, म्हणाले,
आधी अर्धी, मग पाव.

नव्या गोळीचा आज अकरावा दिवस.
वरणात मी मीठ घातलेलं नाही.
हे पहिला घास कालवतायत.
मी दाराशी,
कान देऊन.