बूच

बर्फ वितळलं की बाबा गिरमिट घेऊन निघायचे.
उल्टेनच्या दरीत त्यांना विगिल राळवाला म्हणत.
मी मागे, रिकामा डबा वाजवत.

लार्चला विचारून भोक पाडायचं असतं, म्हणायचे,
आणि बुंध्याला खरंच कान लावायचे, वैद्यासारखा.
काय विचारायचं ते मात्र कधी सांगितलं नाही.
गुडघ्याच्या उंचीवर आधी तांबूस सालीच्या चिपा,
मग पिवळा भुसा, मग लाल.
गाभा लागला की गिरमिटाचा आवाज घोगरा व्हायचा,
पाद्री घरात शिरल्यावर बाबांचा व्हायचा तसा.
शेवटी लार्चचंच बूच. हातोडीचे दोन ठोके.
"साचू दे आता. पानगळीआधी येऊ."

बाकीची सुयांची झाडं कंजूष.
फर काय, स्प्रूस काय, बारा महिने तोच कोट अंगावर.
लार्च ऑक्टोबरात अख्खं सोनं होतं
आणि नोव्हेंबरात लुटून मोकळं.
आई त्या सुया उंबऱ्यातून झाडायची आणि पुटपुटायची.
पाद्री म्हणायचे, ज्याच्या हातात काही नाही
त्याचं वादळ काय वाकडं करणार?
बाबा म्हणायचे, खुळं आहे ते झाड,
दरवर्षी नवे कपडे शिवतं.

दुसऱ्याच्या सावलीत ते वाढत नाही. मानी आहे.
पण स्वतःची सावली इतकी विरळ
की खाली गवत गुडघाभर,
आणि गवतात आमच्या सात गाई.
एप्रिलात उघड्या फांद्यांवर किरमिजी फुलं यायची,
कानातल्या खड्याएवढी. मी ती कानात अडकवून शाळेत जायची.

त्या वर्षी ऑगस्टात, वरच्या उतारावर गवत कापताना
बाबांचा पाय घसरला.

पानगळीआधी कोणी गेलं नाही.
कुठल्या झाडाला बूच मारलंय
हा हिशेब त्यांच्या डोक्यात होता, वहीत नव्हता.
गिरमिट दारामागे खुंटीला राहिलं.
मी त्यावर टोपी अडकवत आले.

गेल्या फेब्रुवारीत हिमलोट आला आणि
ओढ्याकाठची नऊ झाडं घेऊन गेला.
जूनमध्ये कासियानचा गिरणीवरून फोन:
"नोटबुर्गा, ये. तुमचं काहीतरी सापडलंय."

सालीकडची पहिली फळी बाजूला पडलेली,
आणि लाल लाकडात एक गोल. बूच.
बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.
फळीच्या कडेला मी वर्तुळं मोजली. चुकले. पुन्हा मोजली.
एकेचाळीस.
काही रुंद, काही केसासारखी,
अळीनं जंगल करडं केलं त्या उन्हाळ्यांची.
माझं लग्न त्यातच कुठेतरी, नखाएवढ्या जागेत.

कासियाननं पक्कड लावली.
आत राळ होती. मधासारखी, अजून हलणारी.
तो वास: खोकल्याला छातीवर,
बोटात कूस गेली की बोटावर,
गाईचा खूर फाटला की खुराला.
बाबांच्या कोटाला रविवारीसुद्धा.

"पाव किलो भरेल," कासियान म्हणाला.
मग थोडं थांबून, "फळ्या काढू?
भोकानं भाव पडेल, आधीच सांगतो."

मी म्हटलं, फळ्या नकोत. कोरून डोण कर.
पाण्यात लार्च कुजत नाही, उलट दगड होतं.
"आणि भोक?"
ते तळाला येऊ दे. डोण धुताना पाणी कुठून सोडशील?

आता ती रस्त्याच्या वळणावर आहे, चार दगडांवर.
शनिवारी बूच काढते, शेवाळ घासते,
पाणी उताराला पळतं.
मग तेच बूच पुन्हा. दोन ठोके पुरतात,
लाकूड फुगून बाकीचं बघून घेतं.

नवी तपकिरी गाय अजून तिथे तोंड लावत नाही.
हुंगते, मान झटकते, ओढ्यावर जाते.
राळेचा वास येत असणार.
होईल सवय.