सैब

दलम्याच्या धक्क्यावर सकाळी साडेसातला
मी दोर तपासतो. बोटांनी. डोळ्यांवर विसंबत नाही.
तीनशे फूट दोर, विंचच्या पोटात गुंडाळलेला.
मीठ धरलं की करकरतो, करकरला की बदलायचा,
आणि बदलायचा म्हटलं की मॅनेजर म्हणतो, पुढच्या आठवड्यात.

देवबागला रापणीचा दोर ओढायचो,
चाळीस माणसं वाळूत टाचा रुतवून,
आणि शेवटी काठावर येणार काय,
तर मूठभर तारली.
इथे एका दोराला एकच माणूस,
तोही पाण्यात नाही, आभाळात.
आईला फोनवर सांगितलं, माणसं उडवतो.
ती म्हणाली, "पडनत नाय मां?"

खलफान रोज येतो, काठी टेकत, खजुराचा डबा घेऊन.
त्याचा बाप मोती काढायचा.
बुडी मारतो तो गैस,
वर होडीत दोर धरून बसतो तो सैब.
गैसाच्या नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात टोपली.
सैबाकडे काहीच नाही,
तळव्याला कळणारा एक हिसका तेवढा.
"हिसका आला की ओढायचं.
विचार करत बसलेल्या सैबाचा गैस मेला."
आणि होडीचा मालक? नोखदा.
मी म्हटलं, आमच्यात नाखवा.
त्याने तो शब्द खजुरासारखा तोंडात घोळवला,
म्हणाला, एकच माणूस असणार,
दोन्हीकडे उधारी ठेवून गेलेला.

जानेवारीतला मंगळवार. शमाल दोन दिवस वाहून दमलेला.
शोशाम्मा आल्या. चौतीस वर्षं अबू धाबीत नर्स,
शुक्रवारी निवृत्त, पैसे जावयाने भरलेले.
चष्मा नाडीने बांधला, चपला जोडीने होडीत ठेवल्या.
मी खुणा शिकवल्या, अंगठा वर, अंगठा खाली. दोनच.
छत्री फुगली आणि त्या गेल्या,
इतक्या सरळ बसून, जणू बसमध्ये खिडकी मिळाली आहे.

वरून त्यांनी तिसरीच खूण केली.
दोन्ही तळवे खाली, हवा थोपटल्यासारखी,
वॉर्डात कुणाचा डोळा लागला असेल
तर दारातूनच नर्स करते तशी.
मी पुढे पाहिलं. पाणी, चकाकी, पाणी.
आमची वस्ती पाण्याच्या कातडीवर,
आत काय आहे ते फक्त त्यांना दिसत होतं.

मी विचार केला नाही.
"रोदेल, न्यूट्रल!"

इंजिन पडलं तशी छत्रीही पडू लागली,
सावकाश, हात सुटलेल्या चादरीसारखी.
शोशाम्मा कमरेपर्यंत पाण्यात, मग छातीपर्यंत,
आणि त्यांच्या पलीकडे
एक तपकिरी पाठ. दुसरी. फुस्स करून सोडलेला श्वास.
तळाच्या गवतात नांगरल्यासारख्या वाटा,
त्या वाटांच्या टोकाला त्या चरणाऱ्या, जड, बिनघाईच्या.
एकीच्या पाठीवर तीन पांढरे व्रण,
समांतर, पंख्याच्या पात्याइतक्या अंतरावर.
तिला चिकटून पोर.
होडीची नाळ जिथे थांबली होती
तिथून आठ-दहा हात.

ओढून घेतलं तेव्हा शोशाम्मांचे दात वाजत होते.
"आठ," त्या म्हणाल्या. "आणि ते लहान.
आठवड्याचं असेल. नसेलही."
चष्मा पुसायला कोरडं काही नव्हतं कुणाकडेच.

जावयाने लिहून दिलं: उड्डाण अर्धवट, गिऱ्हाईक भिजले.
माझे शंभर दिरहॅम कापले, रोदेलचे पन्नास.
दोर पुढच्या आठवड्यात.

खलफानला सांगितलं. "अतूम," तो म्हणाला,
आणि बराच वेळ गप्प.
मग, "बाप मारायचा त्यांना. आम्ही खायचो.
वासरासारखं लागतं. भूक होती."
खजुराची बी त्याने पाण्यात टाकली नाही, खिशात ठेवली.
जाताना विंचपाशी थांबला, सुटं टोक हातात घेतलं,
आणि तिकडे बघत, जिकडे काहीच नव्हतं,
एक हिसका दिला.

दोराला कुणी नव्हतं. मला माहीत होतं.
हात माझा तरी ओढायला निघाला.