सरतं

मंगळवारी रात्री आसेगावच्या चर्चच्या ओसरीवर
आठ जण, एक बल्ब, बल्बभोवती किडे.
फळ्यावर मी इब्री ओळ लिहिली
उजवीकडून डावीकडे
आणि मधोमध उभी रेघ मारली.

म्हणालो, इथे यमक शोधू नका.
कान नाही, अर्थ जुळवायचा.
अर्धी ओळ एक गोष्ट सांगते,
उरलेली अर्धी तीच गोष्ट परत सांगते.

मागे सालोमी मावशी
टाचेतला काटा सुईनं उकरत बसलेली.
"तेच परत काहून सांगन कोनी?
तिफनीतून ज्वारी पडते बाप्पा,
मांगं सरतं धरून मी तूर सोडते.
तास एकच.
बी दुसरं."

मी खडू खाली ठेवला.
सेमिनरीत तीन वर्षं या जोडीला
समांतरता म्हणत आलो होतो,
रेल्वेच्या रुळांसारखी. कोरडी.

मग उलट्या क्रमाचं कडवं काढलं :
पहिला शब्द शेवटी, दुसरा त्याच्या आधी,
आणि मधला एकटा, मधोमध.
येशुदास तायडे हसला,
"हे तं धुऱ्यावरचं वळन हाय, सर."
तिथे बैल दम घेतात.
तिथेच, मला वाटतं, कवीनंही घेतला असावा.

बावीस अक्षरांचं स्तोत्र मात्र अडलं.
दर ओळ पुढच्या अक्षरानं सुरू होते,
अलेफ, बेथ, एकेक,
आणि चौदावं अक्षर नाही.
ओळच नाही.
कोणी म्हणालं, शेतात अशी नांगी पडली
तर आम्ही पुन्हा बी टोचतो.
मी सांगितलं, पंडितांनीही टोचून पाहिलं आहे.
मावशी म्हणाली, "राहू द्या.
सरत्यावालीच्या ओटीतलं बी सरलं असन.
नाही तं रडू आलं असन तिले,
मूठ उघडलीच नसन."

यावर माझ्या वहीत काही नव्हतं.

शेवटच्या प्रार्थनेला लाइट गेली.
अंधारात तिचा आवाज आला, सावकाश,
मधे श्वासाएवढी जागा सोडून :

देवा, मी ताट एकच मांडते,
देवा, पानी दोघाईचं भरते.

दोन ओळी. एक तास.
काय आहे ते मी ओळखलं,
पण नाव घेतलं नाही,
मधे रेघही मारली नाही.
आमेन म्हणायला सगळ्यांनाच उशीर झाला.

लाइट आली तेव्हा
ती पुन्हा टाच उजेडात धरून
काटा शोधत होती.