चार इंच बर्फ

बुधवारी दुपारी बार बंद.
टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, खाली आम्ही चौघं,
आणि बिअरच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा.
त्यावर ऑर्विलच्या अक्षरात सव्वीस गाणी, सगळी दुसऱ्यांची.
शनिवारसाठी नऊ हवीत.
खरं तर पाचही पुरतील,
ताणली तर.

बाहेर डुलुथचं बंदर गोठलंय.
लोखंडाची माती नेणारी जहाजं
मार्चपर्यंत उठणार नाहीत.
टोइवो म्हणतो, गाणं बर्फासारखं तपासायचं.
चार इंच असेल तर माणूस चालतो,
बारा इंचांवर पिकअप.
आणि आपण चौघं, वर वर्नाचे ड्रम,
वर माझा बेस, जो मला अजून धड पेलत नाही.
तेव्हा गिरमिट घाला आणि मोजा.

पहिलं गाणं सुंदर. फारच सुंदर.
कुठे फट नाही. एकेक सूर
खिळा ठोकून बसवलेला.
त्यात शिरायचं म्हणजे परक्याच्या लग्नात
थेट नवरदेवाशेजारी जाऊन उभं राहायचं.
खोडलं.

दुसऱ्यात सात कॉर्ड.
वर्ना म्हणाली, हे स्वतःच इतकं बोलतं
की आपण नुसतं हं हं करत बसणार.
खोडलं.

तिसऱ्याबद्दल कोणी बोललं नाही.
ऑर्विलचं घर मोडलं त्या हिवाळ्यात
तो तेच वाजवायचा, रोज, दार लावून.
त्यानं स्वतःच रेघ मारली,
मग त्या रेघेवर आणखी एक.

चौथ्यासाठी मी भांडलो.
दोनच कॉर्ड, करवतीसारखे मागे-पुढे,
कडवी भिकार,
पण मधे एवढी मोकळी जागा
की ट्रक वळवून घ्यावा.
ठेवलं.

जिनेट गल्ल्यातली नाणी मोजत होती.
मान वर न करता म्हणाली,
वीस मिनिटं कुठेही भटका,
फक्त लोकांना परतीची वाट दिसू द्या.
वाट दिसेनाशी झाली
की माणसं बिल मागतात.

पाच वाजता अंधार पडला. आठ झाली होती, नववं सापडेना.
वर्ना पेन्सिलीनं टेबलावर काहीतरी बडवत होती,
लक्ष नसताना, तोंडातल्या तोंडात:
हॅल्वर्सन फर्निचरची जाहिरात.
रेडिओवरची. चार मात्रा, दोन सूर, शेवटी फोन नंबर.
दुकान बंद पडून अकरा वर्षं झाली,
तिथं आता टायर मिळतात.
मी बेस उचलला, कारण हात मोकळे होते.
टोइवोनं माउथ ऑर्गन खिशातून काढला.
अर्ध्या तासानंतर
ऑर्विल म्हणाला, छे, हे गाणंच नाही.
आणि वाजवत राहिला.

शनिवारी साडेअकराला आम्ही ते काढलं.
आधी हशा. मग तिसऱ्या आवर्तनाला
अख्खा बार नंबर म्हणू लागला,
दोन, सात, सात, शून्य,
ज्यांना स्वतःच्या बायकोचा नंबर पाठ नाही
तेसुद्धा.
मग ऑर्विल सुटला.
काठ सोडून इतका आत गेला
की त्याच्या पाठीमागे दिवा धरावा असं वाटलं.
टोइवो त्याच्यामागे. मी टोइवोच्या मागे.
सम कुठे होती देव जाणे.
वर्नानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे,
पायाखाली काहीतरी कडकडलं.

तेव्हा कोपऱ्यातली मार्लिस उठली, कोटासकट.
अठरा वर्षं त्या दुकानाचा फोन
तिनंच उचलला होता.
हात कानाशी नेला, आणि खणखणीत,
गिऱ्हाईक आजही वाट बघतंय अशी:
"हॅल्वर्सन. बोला."

त्या "बोला"वर आम्ही उतरलो,
चौघंही, एकाच ठोक्यावर.
बुधवारी हे एकदाही जमलं नव्हतं.

पुठ्ठा मी नंतर शोधला, नववं लिहून टाकावं म्हणून.
जिनेटनं तो घडी करून
डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला होता.
राहू दिला.