गोट

अकरा वेळा उसवला.
बाराव्या वेळी हमीदाबी काही बोलली नाही,
चष्मा कपाळावर सरकवून
नुसती माझ्या अंगठ्याकडे पाहत राहिली.

बावीस वर्षं फॉल-पिको करते मी, दहीपुलाजवळ.
सुई माझ्यापुढे नाक वर करत नाही.
पण इथे, भद्रकालीतल्या या बोळात,
शिकंज्यात उभी केलेली वही
आणि तिच्या माथ्यावर करंगळीएवढी जागा.
मशीनची घाई इथे चालत नाही.

"याला म्हणतात काय?" पहिल्याच दिवशी विचारलं होतं.
"इंग्रजीत असेल काहीतरी. आम्ही गोट म्हणतो.
लुगड्याला असतो, दुलईला असतो,
पुस्तकानं काय घोडं मारलंय?"

तर गोट असा:
चामड्याची वादी, आगकाडीहून बारीक,
कण्याला टेकून पानांच्या माथ्यावर आडवी.
दोन सुया. एकीत कुंकवाचा रंग, दुसरीत हळदीचा;
रेशीम येवल्याचं, मागावर शेवटी उरलेलं,
पैठणीत न गेलेलं.
दोघांची मिळून एक गाठ.
पहिल्या फर्म्याच्या मधोमध सुई घाल,
कण्याच्या टाक्याखालून मागे काढ,
वादीवरून पुढे आण.
लाल दोनदा फिरव. मग पिवळ्याला आडवं येऊ दे.
एक दुसऱ्याची वाट अडवतो
तिथे पानांच्या काठाशी मणी बसतो,
तिळासारखा.
"भांडू दे त्यांना," हमीदाबी म्हणते,
"पण गळा नको आवळू.
ढील दिलीस तर मणी लोळतो, ओढलंस तर वादी वाकते."
आणि दर चौथ्या मण्याला खाली उतरायचं,
पानांत पाय रोवायचा,
नाहीतर गोट नुसता वर लोंबत राहील
मुंडावळ्यांसारखा, एका दिवसापुरता.

बाहेर तांबटांच्या हातोड्या,
एकीचा दुसरीशी मेळ नाही.
त्यांच्यावर मी मणी मोजते
आणि चुकते.

वही पंचवटीतल्या गुरुजींची.
कोण कधी आलं, कुणाची रक्षा घेऊन,
कुणाचा मुलगा, कुणाचा नातू,
आत सगळं आहे म्हणतात.
वाचायचं नाही, बजावलंय.
मी पाहते ते पानांचे माथे:
मधले काळपट, बोटांनी तेलकट,
शेवटचे कोरे, अजून कुणी मेलं नाही असे.
सुईसाठी फर्मा बोटभर उघडला
तेवढ्यात एक ओळ दिसली:
"मु. पो. चांदवड, सोबत बहीण"
बहिणीचं नाव नाही.
पुढच्या पानावर असेल. मी फर्मा मिटला.
पिवळा दोरा तिथूनच खाली गेला.

शनिवारी गुरुजी आले.
फळीवरून वही काढली, सगळे काढतात तशी,
माथ्यात तर्जनी अडकवून, ओढून.
माझा जीव त्या बोटाखाली.
गोट जरा वाकला,
सरळ झाला.
त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"किती झाले?"
हमीदाबीनं आकडा सांगितला. "गोटाचे वेगळे दीडशे."
"गोट कुणी सांगितला होता?"
"तुमच्या बोटानं," ती म्हणाली
आणि खळ ढवळायला लागली,
मैद्यात मोरचूद, निळसर.
गुरुजींनी शंभर दिले.
तिनं त्यातले साठ माझ्या हातावर ठेवले
आणि म्हणाली, खालच्या टोकाचा गोट
जरा तिरपा आहे, मला दिसलाय.

घरी येऊन मशीनवर बसले.
एका साडीचा फॉल म्हणजे आठ मिनिटं.
आज वीस झाली.
पायाखालचं पायडल अडखळलं तेव्हा कळलं,
दर चौथ्या टाक्याला मी थांबत होते,
खाली उतरायला
काही आहे का ते बघत.