मॅलेज

रजिस्टरच्या सातव्या रकान्यात
नव्या डॉक्टरांनी लिहिलं: मॅलेज.
त्यापुढे ना ताप, ना जुलाब, ना खोकला.
बीपी बरोबर, शुगर बरोबर,
गोळी लिहायची तरी कशावर?

बेबीनंदा इंगोले, वय एकेचाळीस,
शाळेत खिचडी शिजवते, एकशे बारा लेकरांची.
काय होते, विचारलं की
हात आधी छातीशी, मग पोटाशी,
मग नुसताच हवेत.
"काई नाई व सिस्टर, कसंतरीच वाटते.
आंग आपलं वाटत नाई.
जसं कोनी उसनं नेलं
अन् वापस देतानी बदलून देलं."

पंधरा वर्षं मी अशांना कणकण लिहीत आले.
पण कणकणीत थोडा तरी ताप लागतो.
कसकस म्हणावं, तर हाडं दुखत नव्हती तिची.

डॉक्टरांनी मान वर न करता
तो शब्द मोठ्यानं वाचला.
ती थबकली.
"मलेच?"
मग तोंडाला पदर लावून हसली.
"बराबर लिहिलं बाप्पा. मलेच होते.
घरात दुसऱ्या कोनाले होत नाई."

शनिवारी हायस्कुलात गेले.
खडसे सरांच्या कपाटातला जाडा कोश
वाळवीनं शेवटाकडून खायला घेतलाय,
एम अजून शाबूत होता.
शब्द फ्रान्सातून आलेला, दोन तुकड्यांचा.
पहिला मल, म्हणजे वाईट.
"आपल्या मळाची बहीण असंल," सर म्हणाले.
सरांना सगळेच शब्द नात्यातले वाटतात.
दुसरा तुकडा, आराम.
आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात
(सरांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं)
आरामाच्याही आधी त्याचा अर्थ होता
बाजूची जागा.
कोपर पसरता येईल, एवढी.

मला तिचं घर माहीत आहे.
पोलिओच्या रविवारी उंबऱ्यात बसून
तिथल्या चार लेकरांना थेंब पाजलेत.
दोन खोल्या, आठ माणसं,
दिराच्या सोयाबीनची पोती,
आणि भिंतीकडून तिसरी ती, एका कुशीवर.
कूस बदलायची
तर आधी नणंदेला उठवावं लागतं.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरांची गाडी
कारंज्याच्या अलीकडेच पंक्चर झाली.
ती मात्र आली, खिचडीचं भांडं घासून,
बोटांना अजून हळद.
मी तिला तपासायच्या टेबलावर झोपवलं,
पडदा ओढला,
आणि काहीच तपासलं नाही.
बाहेर ओआरएसची पाकिटं मोजत बसले.
एकदा मोजली. पुन्हा मोजली.
नळाखालच्या बादलीत थेंब पडत होता.

पडद्याच्या फटीतून दिसलं:
डावा हात टेबलाबाहेर लोंबतोय,
उजवं कोपर
पार भिंतीपर्यंत गेलेलं,
आणि तोंड जरासं उघडं.

पाऊण तासानं केस बांधत उठली.
"काय देलं व सिस्टर? सुई टोचली का?
मले समजलंच नाई."

तिच्या नावापुढचे दोन रकाने
मी कोरे सोडलेत.
तालुक्याहून विचारणा येईल.
येऊ दे.