वर्ग दोन

खसबच्या वरच्या अंगाला, वादीच्या कोरड्या पात्रात
तिपाई रोवली तेव्हा सहा वाजून दहा झाले होते
आणि दगड अजून रात्रीचेच होते.
तोफायेलनं पांढरे गोळे मांडले,
एक बोरीखाली, एक बंद घराच्या उंबऱ्यावर,
तिसरा शेळ्यांनी लगेच पाडला.

यंत्र फिरू लागलं.
सेकंदाला काही लाख वेळा
ते डोंगराला विचारतं, किती लांब आहेस?
डोंगर दर वेळी उत्तर देतो,
कंटाळत नाही.

माझे वडील जिंतूर तालुक्यात मोजणीदार होते.
त्यांची साखळी उन्हात वाढायची, केसभर.
तो केसभर ते मनात धरायचे, कागदावर नाही.
बांधाच्या दोन्ही बाजूंना भाऊ उभे,
आणि चहा कुणाच्याच घरचा नाही, हा त्यांचा नियम.

इथे बांध नाही, भांडण नाही.
इथे फक्त कधीतरी पाणी येणार आहे
आणि ते कुठून येईल
हे कुणाला तरी आधीच हवंय.

सुलैमान बिन झायद आला,
हातात लांब दांड्याची, एवढीशी पात्याची कुऱ्हाड.
काय बघतंय हे?
म्हटलं, दिसेल ते सगळं.
घराच्या आतलं?
दाराला कुलूप होतं.
आत रांजण आहेत, म्हणाला, दारापेक्षा मोठे.
आधी रांजण ठेवले, मग भोवती घर बांधलं.
मी वहीत लिहिलं: आतलं माहीत नाही.

मग त्यानं पात्याच्या टोकानं कातळावरची रेघ दाखवली,
माझ्या डोक्याच्याही हातभर वर.
बापाच्या वर्षी, इथवर.
आणि पात्राच्या मधोमध मांडी घालून बसला,
कुऱ्हाड समोर उभी धरून.
नऊ मिनिटं. यंत्राचा एक फेरा.

रात्री बंदराजवळच्या खोलीत पडदा उजळला.
बिंदूंचा ढग म्हणतात याला.
यातून काही पडत नाही.
तोफायेल सात ठिकाणी होता, कुठेच पुरता नाही:
गोळा सरळ करणारा नुसता खांदा,
पाण्याची बाटली, तिच्यामागे अर्धी पाठ,
पाय नसलेली एक घाई.
गोंगाट, प्रणालीनं ठरवलं.
एका टिचकीत गेला.

आणि जिथे जिथे तिपाई होती
तिथे तिथे एक काळं गोल भोक.
यंत्राला आपल्या पायाखालचं दिसत नाही.
दिव्याखाली अंधार, हे आपण किती सहज म्हणतो.
त्या भोकांच्या काठाकाठानं दिवसभर मी होते.

सुलैमान मात्र हललाच नव्हता.
वाळूतून गुडघा, गुडघ्यातून खांदा,
चढ इतका सावकाश
की प्रणालीनं त्याला सरळ वर्ग दोनमध्ये टाकलं:
जमीन.

सातबाऱ्यावर वर्ग दोन म्हणजे
सरकारला विचारल्याशिवाय विकता न येणारी.
वडील असल्या गटाच्या हद्दीवर
जरा जास्त वेळ उभे राहायचे.

मी मॉडेलमध्ये पाणी सोडलं.
ते वळणावरून आलं, निळं, आज्ञाधारक,
त्याच्या गुडघ्यांशी दुभंगलं
आणि पाठीमागे पुन्हा एक झालं.
दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा
उगाच.

पावणेबाराला त्याला जमिनीतून काढलं,
कडेकडेनं, हातानं,
गव्हातले खडे निवडावेत तसं.
त्याच्या जागी सपाट वाळू आपोआप भरली गेली.
पाणी मग सरळ गेलं,
आणि त्या रेघेच्या खूप खाली थांबलं.

तो फरक मी कागदावर धरला.
सव्वा मीटर. आधार: सुलैमान बिन झायद, तोंडी.

आठवड्यानं मस्कतहून तपासणीचा शेरा आला.
त्या ओळीबद्दल काहीच नव्हतं.
एवढंच होतं:
स्थानक चार, पात्राच्या मध्यावर, जमिनीपासून अधांतरी
अकरा बिंदू. झुडूप असावं. खात्री करावी.

कुऱ्हाडीचं पातं.
निवडताना राहून गेलेलं.

झुडूपच आहे, मी कळवलं.
खात्री केली.